दोन पेट्यांमधली जागा

रात्री साडेदहानंतर, रस्त्यावरची रहदारी विरळ होऊन पंख्याचाही आवाज नकोसा वाटू लागतो अशा वेळी, लिहिण्याच्या मेजावर ठेवलेल्या संगणकाच्या दोन लहान स्पीकरांमधून मी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकतो, आणि तिच्या पहिल्याच स्वराबरोबर तोच एक प्रश्न दररोज माझ्यापुढे उभा राहतो, की हा स्वर आहे तरी कोठे? डावी पेटी माझ्यापासून हातभर लांब आहे, उजवीही तितकीच लांब आहे. पण स्वर डावीकडून येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. तो येतो त्या दोहोंच्या बरोबर मधून, जेथे संगणकाची विझलेली काच आणि तिच्यामागे भिंत यांखेरीज काहीही नाही. एकदा मी हात पुढे करून त्या जागी धरला होता. हाताला काहीच लागले नाही. उजव्या पेटीच्या तोंडाशी मात्र तळव्याला मंद थरथर जाणवली. जेथे थरथर होती तेथे गायक नव्हता, आणि जेथे गायक होता तेथे हाताला काही सापडत नव्हते.

हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, त्याची तड तेथेच लागावी, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी तकरार करणार नाही. विज्ञानाने त्याचे उत्तर दिले आहे आणि ते मला मान्यही आहे. परंतु ध्वनी कोठे असतो, आणि ऐकणाऱ्याचा त्या जागेशी संबंध काय, या विषयावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके जो वाद घातला तो हौसेखातर घातलेला नव्हता. वेदाचे प्रामाण्य शब्दाच्या नित्यत्वावर उभे करायचे होते, म्हणून मीमांसकाला असे सिद्ध करणे भाग होते, की वर्ण उच्चाराने उत्पन्न होत नाही, तो पूर्वीपासून असतोच आणि मुखातून निघालेला वायू त्याला केवळ प्रकट करतो, जसा अंधाऱ्या खोलीत नेलेला दिवा तेथला घट दाखवतो पण घडवीत नाही. नैयायिकाला हे कबूल नव्हते. त्याच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नष्टही होतो. पाण्यात एका लाटेने दुसरी लाट उठवावी तसा पहिला शब्द दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जन्म देत जातो, आणि अखेर कानाच्या पोकळीतील आकाशात जो उपजतो तेवढाच आपण ऐकतो. यालाच त्याने वीचितरंगन्याय म्हटले. विद्यार्थिदशेत हे सारे वाचताना हा वाद ग्रंथांच्या दप्तरात कायमचा बांधून ठेवलेला आहे असे मला वाटे. तो एके दिवशी माझ्या मेजावर येऊन बसेल अशी कल्पना नव्हती.

पेट्या घेतानाचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो, कारण त्यात विस्तार करण्यासारखे फारसे नाही. दुकानांतून वॅटचे मोठमोठे आकडे सांगतात, आणि मेजाखाली ठेवायचा एक तिसरा डबा जोडून गिऱ्हाइकाची छाती दणाणून सोडतात. परंतु हाताच्या अंतरावर बसून ख्याल ऐकणाऱ्याला त्या आकड्यांचा उपयोग नाही, आणि त्या दणदणाटात तंबोऱ्याची जवारी पार बुडून जाते. मी दोन सारख्या पेट्या पसंत केल्या: प्रत्येकीत चार इंची एक वूफर आणि त्यावर उंच स्वरांसाठी लहानसा ट्वीटर, अॅम्प्लिफायर उजव्या पेटीच्या पोटातच बसवलेला, आणि तिच्यापासून डावीकडे गेलेली तांबडी-काळी अशी दुपदरी वायर. पारख करण्याची माझी रीत एवढीच, की जो आवाज आपण समोर बसून, कोणत्याही यंत्रावाचून ऐकलेला आहे तोच लावून पाहावा. माझ्या परिचयाच्या एका कीर्तनकारबुवांचे घरगुती ध्वनिमुद्रण मी बरोबर नेले होते. ज्या पेट्यांतून बुवांच्या झांजा काचेसारख्या टोचल्या त्या बाजूला ठेवल्या, आणि ज्यांतून दोन ओव्यांच्या मधला बुवांचा श्वास ऐकू आला त्या घेतल्या.

मांडणीला मात्र तीन रात्री लागल्या, आणि त्या तीन रात्रींना मी माझ्या शिक्षणात जमा धरतो. दोन पेट्या आणि श्रोत्याचे मस्तक हे समभुज त्रिकोणाचे तीन बिंदू व्हावेत हा मूळ नियम आहे. पुड्याच्या सुतळीचा एक तुकडा घेऊन, त्याला नव्वद सेंटिमीटरवर गाठ मारून, मी तो एका ट्वीटरपासून दुसऱ्यापर्यंत आणि मग प्रत्येकापासून माझ्या कानापर्यंत ताणून पाहिला. नजरेने जे अगदी सारखे वाटत होते त्यात चांगली चार बोटांची तफावत निघाली. उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. पेट्या मेजावर नुसत्या ठेवल्या तर ट्वीटर कानाच्या बराच खाली राहतो, आणि मेजाची गुळगुळीत फळी ध्वनीच्या बाबतीत आरशासारखी वागते. जो ध्वनी सरळ कानाकडे निघाला त्याचेच दुसरे रूप फळीवर आपटून किंचित उशिरा पोचते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. फळीवरून येणाऱ्याला अवघे सात सेंटिमीटर अधिक चालावे लागले, तरी २४०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर अर्धे आवर्तन मागे पडतात आणि सरळ आलेल्या स्वरांना खाऊन टाकतात. गायकाच्या उच्चाराची धार असते ती नेमकी या प्रदेशात. मी पेट्यांखाली जुन्या मासिकांचे बांधीव खंड घातले, त्यांची तोंडे किंचित वर केली, आणि पुढच्या फळीवर घोंगडीचा एक तुकडा अंथरला. पेट्या भिंतीला चिकटलेल्या होत्या तोवर खालचे स्वर फुगत होते, कारण मागे गेलेला ध्वनी भिंतीवरून परतून पुढच्यात मिसळत होता. वीतभर पुढे ओढताच ते मोकळे झाले. संगणकाची काच दोघींच्या मधून थोडी मागे सारली, कारण तीही परावर्तन करते, आणि ऐकताना ती विझवण्याचा परिपाठ ठेवला. डोळ्यांना तेथे काही दिसत राहिले तर कानाचे म्हणणे मागे पडते.

या साऱ्या बंदोबस्ताची रुजवात करण्यासाठी मी खाँसाहेबांची तबकडीच निवडली, आणि त्याला कारण होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या तबकड्यांवर ध्वनीची एकच वाट कोरलेली असे. म्हणून त्यांच्या आजच्या नकलांतून दोन्ही पेट्यांना गायनाचा तंतोतंत एकच मजकूर मिळतो. मांडणी बरोबर असेल तर तो एकच आवाज मध्यावर एका बिंदूपाशी गोळा झाला पाहिजे, आणि चुकली असेल तर तो पसरट होतो, नाही तर एका बाजूला कलतो. १९३७ साली ज्यांनी देह ठेवला, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात जे विसावले, त्यांच्याच कंठाने माझ्या त्रिकोणाची परीक्षा व्हावी, यात मला एक प्रकारचा अनुग्रह वाटला.

तिसऱ्या रात्री त्रिकोण बरोबर होता, उंची बरोबर होती, आणि तरीही खाँसाहेब नव्हते. आवाज होता, पण तो खोलीभर धुक्यासारखा पसरलेला, कधी डाव्या कानाच्या मागून तर कधी मस्तकाच्या आतून आल्यासारखा वाटे, आणि डग्गा तर कोणी उचलून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. तासभर मी पेट्या मागेपुढे करीत बसलो. अखेर डावी पेटी फिरवून दिव्याखाली धरली तेव्हा दिसले, की दुपारी सफाईनंतर वायर परत जोडताना तांबडा पदर काळ्या खोबणीत आणि काळा तांबडीत मीच अडकवला होता. उजवीचा पडदा पुढे येई तेव्हा डावीचा मागे जाई. एकीने हवा लोटावी आणि त्याच क्षणी दुसरीने ती ओढून घ्यावी, असा प्रकार चालला होता. वास्तविक दोघींपैकी एकीतही उणीव नव्हती. कान लावून पाहिले असते तर प्रत्येकीत ठुमरी संपूर्ण होती, शब्द होते, साथ होती; नव्हता तो दोघींचा संवाद, आणि तेवढ्यानेच गायकाला उभे राहायला जागा उरली नव्हती. मी पदर बदलले, खुर्चीत येऊन बसलो, आणि तबकडीच्या खरखरीतून खाँसाहेबांचा षड्ज समोर आला, इतका जवळ, की मी नकळत पाय आवरून घेतले.

असे का होते याचा खुलासा साधा आहे. डावीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला जरा उशिरा पोचतो. हा विलंब जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोनतृतीयांशाइतका असतो. तेवढ्यावरून, आणि मस्तकाच्या सावलीमुळे एका कानाला पडणाऱ्या कमी जोरावरून, मन दिशा ठरवते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. दोन्ही कानांना एकाच वेळी, एकाच जोराने, एकच ध्वनी मिळाला तर मन त्याला समोर बसवते, मग समोर कोणी असो वा नसो. या तत्त्वावर दोन पेट्यांची योजना करून अॅलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात तिच्या सनदेसाठी अर्ज केला. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणी, हे त्याला सहन झाले नाही, त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. आणि मला ते खरे वाटते, कारण बोलणारा आणि बोल यांची अशी ताटातूट संवेदनशील मनाला अपमानासारखी टोचते.

खुलासा झाला, तरी प्रश्न तसाच राहिला. धर्मराजाध्वरींद्रांच्या वेदान्तपरिभाषेत असे प्रतिपादन आहे, की नाक, जीभ आणि त्वचा ही इंद्रिये आपल्या जागी राहूनच विषय ग्रहण करतात, पण डोळा आणि कान मात्र विषय असेल तेथे जातात. म्हणूनच आपण नगाऱ्याचा शब्द ऐकला असे म्हणतो, आपल्या कानातला शब्द ऐकला असे म्हणत नाही. अनुभवाचा हा दाखला मोठा बळकट आहे. पण माझा कान त्या मधल्या जागेपर्यंत गेला तर तेथे त्याला भेटते काय? हाताला तर तेथे काही सापडले नव्हते. नैयायिक म्हणेल, की कान कोठे जात नाही, शब्दच परंपरेने कानापाशी आला. हे आजच्या विज्ञानाशी जुळते, परंतु त्याने नगाऱ्याच्या दिशेचा जो अनुभव आहे त्याची वासलात लागत नाही. दोन्ही पक्षांना माझ्या मेजासमोर आणून बसवले तर दोघांनाही क्षणभर थांबावे लागेल असे मला वाटते.

मग हा भ्रमच म्हणावा काय? भ्रम म्हटला की आपल्याला दोरीवरचा साप आठवतो. पण दिवा आणला की तो साप जातो, आणि एकदा गेला की कितीही प्रयत्न केला तरी परत दिसत नाही. माझा मधला स्वर मात्र ज्ञानाने जात नाही. रॅले वाचला, हात घालून पाहिला, तारांची अदलाबदल करून तो मोडला आणि पुन्हा जोडला, तरी तो जेथल्या तेथे आहे. वेदान्ती यावर सांगेल, की भ्रम दोन प्रकारचा असतो. दुसऱ्या प्रकाराला सोपाधिक म्हणतात. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले असता स्फटिक तांबडा दिसतो, आणि तांबडेपणा फुलाचा आहे हे पुरते कळल्यावरही, फूल उचलेपर्यंत तो तांबडाच दिसत राहतो. माझ्या पेट्या म्हणजे ते फूल. वर्णन चपखल आहे, आणि पुष्कळ दिवस मी यावरच समाधान मानले.

पण एके रात्री ठुमरी ऐकता ऐकता या समाधानाला तडा गेला. स्फटिकाच्या उदाहरणात मूळ वस्तू शुभ्र आहे आणि उपाधीने ती रंगीत दिसते. येथे मूळ वस्तू कोणती? खाँसाहेब एकाच जागी बसले होते, एकाच कंठातून गात होते. त्यांचे दोन केले ते माझ्या यंत्राने. डाव्या पेटीतला गायक आणि उजव्या पेटीतला गायक, हीच खरी उपाधीची करणी; आणि कान ज्याला मध्यावर उभे करतो तो, जागेच्या बाबतीत कितीही निराधार असला तरी, संख्येच्या बाबतीत खरा आहे. ज्याला आपण कानाची चूक म्हणतो तिनेच यंत्राने केलेली चूक दुरुस्त होते. ज्या दोन ठिकाणी माझ्या हाताला पुरावा मिळाला होता तीच ठिकाणे खोटी होती, हे ध्यानात आल्यावर मी ठुमरी थांबवून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

असे कोणी न छेडलेले स्वर आपल्या संगीतात पूर्वीपासून आहेत. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधार कोणी लावीत नाही. तरी तार शुद्ध लागली आणि जवारी उघडली, की खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो आणि बसलेल्या सर्वांना ऐकू येतो. आणि खर्जाचीच गोष्ट घ्या. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. माझ्या चार इंची वूफरला तेथवर पोचताना धाप लागते, मूळ स्वर फारच क्षीण निघतो. तरीही खर्ज मला ऐकू येतो, कारण त्याचे उपस्वर पेट्यांतून नीट निघतात आणि त्यांच्या परस्परांतील अंतरांवरून मन त्यांच्या न आलेल्या धन्याला ओळखते. याला अनुमान म्हणावे तर त्यात धूर पाहून अग्नी ठरवण्याचा विचार कोठे नाही. प्रत्यक्ष म्हणावे तर विषय जवळजवळ गैरहजर. मी त्याला प्रत्यक्षच म्हणतो. ज्याने खर्ज ऐकला त्याला तो ऐकला नाहीस असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मोजपट्टीला नाही.

येथे अनाहत नादाचे नाव ओठावर येते, पण ते मी घेणार नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी जमाखर्चाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने, ज्याला पुढच्या काळात फडनिसीचा अधिकारी म्हटले असते, तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिताना ही सीमा स्पष्ट आखून ठेवली आहे: अनाहत नाद हा मुनींच्या उपासनेचा विषय, तो मुक्ती देतो पण रंजन करीत नाही, रंजन करतो तो आहत, आघाताने उपजलेला, आणि तोच रंजन करता करता भवबंधही तोडतो. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या हाताने आहताला दिलेले हे अभय मला फार मोलाचे वाटते. माझा मधला स्वर लोहचुंबकाच्या, कागदी कोनाच्या आणि तांब्याच्या तारांच्या आघातातूनच आलेला आहे. त्याला योग्याच्या नादाची वस्त्रे नेसवण्याची गरज नाही.

मात्र एक शंका मला पुष्कळ दिवस सतावीत होती, आणि ती धर्माची होती. गावाच्या देवळात कीर्तन असे तेव्हा कोणी खांबाला टेकून बसे, कोणी पायरीवर, बायका एका अंगाला. पण बुवा कोठे उभे आहेत याविषयी दोघांत मतभेद होणे शक्य नव्हते. आंधळ्यानेही बरोबर त्यांच्याकडे तोंड केलेले असे. माझ्या मेजासमोर तसे नाही. मस्तक दहा सेंटिमीटर बाजूला सरले तरी स्वर सरकतो, आणि शेजारी अर्ध्या मीटरवर बसणाऱ्याला तर जवळच्या पेटीचा ध्वनी मिलिसेकंदभर आधी पोचतो. तेवढ्याने सारा गायक त्या पेटीत जाऊन बसतो, मधली जागा ओस पडते. माझी पत्नी कित्येक रात्री उजवीकडच्या स्टुलावर बसून माझ्याबरोबर ही ठुमरी ऐकत आली होती, आणि मी खाँसाहेब समोर उभे आहेत म्हणालो की ती शांतपणे म्हणे, “अहो, मला तर ते या डब्यातूनच गाताना ऐकू येतात. तुम्ही म्हणता म्हणून मध्ये असतील.” तिने माझा शब्द प्रमाण मानला होता, आणि मी तो खुशाल मानू दिला होता. ज्या स्वराचे दर्शन एकाच आसनावर घडते आणि ते आसन मीच अडवून बसलो आहे, त्या श्रवणाला उपासना म्हणण्याचे धाडस मला होईना.

परवा मी तिला खुर्चीत बसवले. तिची उंची माझ्यापेक्षा कमी, म्हणून पेट्यांखालचा एकेक खंड काढला, सुतळी पुन्हा ताणून पाहिली, आणि काच विझवून मी स्टुलावर जाऊन बसलो. तबकडीची खरखर सुरू झाली. पहिला स्वर लागला तशी ती मागे टेकलेली होती ती पुढे झाली; थोडा वेळ तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग पदर सावरला आणि त्या विझलेल्या काचेच्या किंचित वर, भिंतीच्या दिशेने बोट केले.

“इथे आहेत,” ती हळूच म्हणाली.

मला ते उजव्या पेटीतून ऐकू येत होते. मी तिच्या बोटाकडे पाहत ठुमरी संपेपर्यंत बसून राहिलो.